सुजलेल्या चेहऱ्याची हजेरी

हेल्मेटमध्ये गांधीलमाशी आहे, हे मला ते डोक्यात घातल्यावर कळलं. पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे स्कूटर थांबवून हेल्मेट काढेपर्यंत ती वरच्या ओठाला आणि डाव्या गालाला डसून मोकळी झाली होती.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. कॉलेजात पोचले तेव्हा डावा डोळा निम्मा मिटला होता. दारातल्या चेहरा ओळखणाऱ्या हजेरीच्या यंत्रानं मला चार वेळा नाकारलं. यंत्राचा आवाज ऐकून क्लार्कभाऊ बाहेर आले. नऊ वर्षं ते मला रोज पाहतात.

"मॅडम, तुम्हीच शेतस ना?"

"मीच आहे हो."

"मी वळखस. पन मशीन वळखत नही, मन्हा काय इलाज?"

मग हजेरी बुडू नये म्हणून त्यांनी माझा जुना चेहरा पुसला आणि सुजलेला नोंदवला. यंत्र लगेच म्हणालं, "धन्यवाद."

योगायोग असा की त्या दिवशीचा धडाच सुजेचा होता. ओठामुळे 'प' उमटत नव्हता. मी 'फ्रथिन' म्हणाले आणि वर्गानं ते तसंच वहीत उतरवलं. धडगावकडच्या डोंगरातून आलेली पुढच्या बाकावरची मुलगी तेवढी माझ्या गालाकडे गंभीरपणे बघत होती.

"मॅडम, ही सूज थांबवतं कोण?"

मी फळ्यावर पेशी काढली. आत एक प्रथिन असतं, त्याला दुसरं प्रथिन धरून ठेवतं. विष आल्याची वर्दी मिळाली की पेशी त्या धरणाऱ्याला मोडून टाकते. सुटलेलं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि सुजेची जनुकं चालू करतं. पण त्याच वेळी ते नवा धरणाराही बनवायला लावतं.

"म्हणजे सूज आणणारा स्वतःच ब्रेक तयार करतो?"

"हो. आणि ब्रेक लागला नाही, तर स्वतःच्याच चांगल्या फेशी नासतात."

'फेशी'ही वहीत गेल्या.

माझ्या पेशींनी काम चोख केलं. तिसऱ्या दिवशी आरशात माझं नेहमीचं तोंड दिसलं. मी खुशीत कॉलेजात गेले आणि यंत्रानं मला नाकारलं. पुन्हा नोंदणी करायची तर वरची परवानगी हवी होती. एका चेहऱ्याची बदली एकदाच, असा नियम निघाला.

क्लार्कभाऊंनी थोडा विचार केला. "मॅडम, डावा गाल फुगाडा."

मी फुगवला.

"आते डोया बारीक करा. ओठ पुढे."

"धन्यवाद," यंत्र म्हणालं.

पाच आठवडे मी रोज सकाळी असं तोंड करून कामावर रुजू होत होते. मागे रांगेत उभे असलेले गणिताचे सर पहिल्या आठवड्यात हसले, नंतर सवयीनं घड्याळाकडे बघू लागले. प्राचार्यांनी एकदा मला तशा अवस्थेत पाहिलं आणि नमस्कार करून निघून गेले.

शेवटी धुळ्याहून यंत्रवाला माणूस आला. त्यानं माझी सुजलेली नोंद काढून टाकली आणि म्हणाला, "मॅडम, सहज उभ्या राहा, समोर बघा."

मी समोर बघितलं. गाल आपोआप फुगला, आणि त्यानं बटण दाबलं.