पेडगावात पिळलेला बोल्ट

परभणीहून मानवतला एसटी होती, तिच्यात बसायला जागा मिळाली असती आणि सुनंदा वेळेवर पोचली असती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या सकाळी मी मोटारच बाहेर काढली, कारण मला मोटार चालवता येते हे परभणीत अजून काही घरांना कळायचं राहिलं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं वय सव्वीस, माहेर पुणं, आणि अक्कल अजून माहेरीच राहिलेली.

सुनंदा आमची शेजारीण. तिच्या घरात कॉलेजात गेलेली ती पहिली. मानवतच्या एका शाळेत दुपारी तीनला तिची मुलाखत होती. आधीच्या दोन हुकल्या होत्या. एकदा तापामुळे, एकदा पत्रच उशिरा आलं म्हणून. "ही गेली तर मी शिवणाचं मशीन घेऊन बसते," असं तिनं घरात सांगून टाकलं होतं. तिच्या वडिलांनी फाटकाशी मला जयभीम केला आणि मोटारीकडे संशयानं पाहिलं. त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

निघण्याआधी मी बॉनेट उघडलं होतं. पंख्यामागं पाण्याचा पंप असतो, त्याच्याखाली एक थेंब लोंबत होता. एक! गाडीचं माहितीपुस्तक मी दोनदा वाचलेलं, त्यामुळे मी पाना घेतला, जोर यावा म्हणून त्याच्या दांड्यावर दोन हात लांब लोखंडी नळी चढवली आणि पंपाचा बोल्ट आवळला. बोल्ट आधी कुरकुरला, मग एकदम लोण्यासारखा फिरला. मी म्हटलं, चला, छान बसला!

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस फुटलेला, ज्वारी पोटरीत आलेली. हे वर्णन मी मोठ्यानं करत होते. पेडगाव आलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "ज्वारी राहू दे, पुढं धूर कशाचा निघायलाय ते बघ." धूर नव्हता, वाफ होती. एका थेंबाची आता धार झाली होती.

तेवढ्यात मागून एसटी आली. कंडक्टरनं दारातून विचारलं, "येता का, ताई?" सुनंदा निम्मी उठलीसुद्धा. आणि मी, आजही सांगताना कान गरम होतात, हात हलवून म्हणाले, "जा तुम्ही! दहा मिनिटांचं काम आहे!"

गावात करीम मिस्त्री होते. शेतावरची पाणी उपसायची इंजिनं दुरुस्त करायचे. ते आले, तो बोल्ट दोन बोटांनी उपसून काढला आणि उन्हात धरला. इंजिनाच्या भोकातले सगळे आटे दोऱ्यासारखे त्याला गुंडाळून आले होते.

"कुनी आवळला हा?"

"मी," मी म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"बाई, बोल्ट आवळला का चरकात ऊस पिळला?"

"मग जाड बोल्ट घाला ना दुसरा."

"इंजनात जाईल. पन पंपाच्या भोकातून जायला नको का? बुश बसवावं लागंल. तीन घंटे."

बारा वाजले होते. पुढची एसटी साडेतीनला. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. "तुझी ती धा मिनिटं कुठं ठेवली गं?"

शेवटी मानवतच्या जिनिंगला चाललेला कापसाचा ट्रक थांबला. वर कापसावर दोन मजूर बाया बसल्या होत्या, त्यांनी हात दिला. सर्टिफिकिटांची फाईल छातीशी धरून सुनंदा वर चढली. "नोकरी गेली तर रोज तुझ्या दारात येऊन बसीन," एवढं बोलून गेली.

मी उरले, मिस्त्री उरले आणि ते भोक. मिस्त्रींनी पंखा, रेडिएटर, पंप सगळं उतरवलं. हातानं फिरवायच्या ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं, म्हणजे लोखंडाचा कीस त्यालाच चिकटतो, आणि भोक मोठं केलं. मग टॅप (आटे पाडायचं पोलादी हत्यार) लावला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. अर्धा पुढं, पाव मागं. अहो, तिकडं सुनंदा पुढं पळतेय आणि हा माणूस मागं फिरतोय!

"मागं कशाला सारखं? नुसतं पुढं चला ना!"

"मागं न्हाई घेतलं तर कीस अडकतो. टॅप आत मोडला की इंजन गेलं."

ते पाणी प्यायला वळले आणि मी दांडा धरून दीड फेरा सरळ पुढं ओढला. कर्रर्र झालं. मिस्त्री "या अल्ला!" म्हणत धावले. टॅप वाचला, पण माझी रवानगी लिंबाखाली झाली. त्यांच्या बायकोनं सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) पुढं ठेवली. "खा, भाभी. तोंड चालू राहू द्या, हात नको."

नव्या आट्यांत त्यांनी बुश (आतून-बाहेरून आटे असलेली छोटी नळी) बसवलं. पंपाखाली घालायला जाड पुठ्ठा हवा होता. माझ्या माहितीपुस्तकाचं कव्हर कापून घातलं. त्या पुस्तकाचा तेवढाच उपयोग झाला. बोल्ट त्यांनी आखूड पान्यानं आवळला आणि थांबले.

"अजून थोडा?"

"बास म्हंजे बास. अन् ती नळी इथंच राहू द्या. तुमच्या हाती बरी न्हाई."

मानवतला पोचले तेव्हा साडेचार झाले होते. सुनंदा शाळेच्या पायरीवर बसलेली, केसभर कापूस. मला विचारायचा धीर होईना.

"पहिला सवाल, केसांत कापूस कसा?" ती म्हणाली. "मी सगळं सांगितलं. तुझ्या नळीसकट. हसून हसून त्यांना दुसरं काही विचारायचं सुचेना."

"मग?"

"सोमवारी हजर व्हायचंय."

परतीला पेडगाव मागं टाकलं आणि मला वाटलं, थांबून एकदा बघावं, थेंब तर नाही ना. पाना घ्यायला हात घातला. पाना जागेवर नव्हता. सुनंदाच्या मांडीवर, फाईलखाली होता.

"तो माझ्याकडं हाय. तू निस्ती चालव."

तो तिनं मला परत दिला तो त्याच शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली त्या दिवशी, सगळ्यांसमोर, दस्तीत (रुमालात) गुंडाळून. "आता शहाणी झाली असशील," म्हणाली. झालेय की! अर्धा पुढं, पाव मागं, सगळं पाठ आहे. फक्त परवा स्वयंपाकघरातल्या नळाखाली एक थेंब लोंबत होता, म्हणून मी पाना काढला. नळ आधी कुरकुरला, मग एकदम लोण्यासारखा फिरला. उद्या प्लंबर येतोय. "आजी, हा कुणी आवळला?" नातीनं विचारलं.

मी आजोबांचं नाव सांगितलंय.