पावडरीचे मामा

कामाच्या दिवशी मामांनी कधी कांदा खाल्ला नाही. कोल्हापुरात राहून ही गोष्ट सोपी नव्हे. मिसळ नाही, तंबाखू नाही, अंगाला वासाचा साबणसुद्धा नाही. मटण खायचं ते सुट्टीच्या आदल्या रात्री, म्हणजे मधल्या दिवसात तोंड साफ होतं, असा त्यांचा हिशेब.

सत्तरच्या दशकात मी बी.एस्सी. होऊन मंगळवार पेठेतून रोज डेअरीच्या प्रयोगशाळेत जायची. माझ्याकडे काचेच्या नळ्या होत्या आणि सगळ्या डेअरीच्या मामांकडे नाक. कळंब्याकडचा हा शेतकरी गडी कॅनचं झाकण उघडून नुसता वाकायचा आणि दूध पास की नापास ते सांगायचा. माझ्या नळ्या तेच अर्ध्या तासानं सांगायच्या. साहेब आधी मामांना विचारायचे, याचा मला वर्षभर राग होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात अडवलं. "पोरी, गजरा भाईर. मोगऱ्याचा वास आत आला की माझं नाक गेलं कामातनं." चौकटीबाहेर खिळा होता. त्याला गजरा अडकवायचा आणि मग आत जायचं.

उन्हाळ्यात म्हशी आटल्या की दूध कमी पडायचं. मग युरोपातून बोटीनं मुंबईला आणि तिथून ट्रकनं आमच्याकडे पावडरीची पोती यायची. लोणी काढून घेतलेल्या दुधाची पावडर. ती पाण्यात कालवून म्हशीच्या दाट दुधात मिसळायची. पोत्यावरची अक्षरं आम्हां कुणालाच वाचता यायची नाहीत. मामा पोत्यावर थाप मारून म्हणायचे, "या पावणं. लोणी तिकडंच ठेवून आलासा न्हवं?" मग चमचाभर पावडर ग्लासातल्या कोमट पाण्यात घोळवून वास घ्यायचे, घोट तोंडात फिरवायचे आणि थुंकायचे.

एकदा त्यांनी अख्खा ट्रक नापास केला. साहेब हैराण झाले. परदेशी माल, परत कुठून आणायचा? मामा म्हणाले, "सायबाच्या देशातनं आलंय म्हणून पोरांस्नी शिळं पाजू व्हय?" त्यांचं खरं निघालं. तेव्हापासून माझा राग गेला आणि मी त्यांच्याकडून वास घ्यायला शिकू लागले.

पुढे पाच-सहा वर्षांनी, एका उन्हाळ्यात, मी घाईघाईत गजरा डोक्यात तसाच ठेवून आत गेले. लक्षात आलं तेव्हा मामा माझ्या शेजारीच वाकून ग्लास हुंगत होते. गजऱ्यावरून न ओरडता त्यांनी पुढचा ग्लास उचलला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घालून गेले. तिसऱ्या दिवशीही. आज तरी ओरडतील, असं रोज वाटायचं. साहेबांना सांगायची हिंमत होईना. मामांच्या मागून प्रत्येक ग्लास मी गुपचूप हुंगायला लागले.

आठवड्यानं ट्रक आला. मामांनी पहिल्या पोत्याचा ग्लास हुंगला, घोट घेतला आणि "पास" म्हणाले. मी ग्लास उचलला. गंजक्या पत्र्यासारखा वास येत होता.

"मामा, परत एकदा बघा."

त्यांनी पाहिलं ते माझ्याकडे. मग हात लांब करून माझ्या केसांतला गजरा चाचपला.

"कवापास्नं घालून येतीस?"

"आठ दिवस झाले."

मामा स्टुलावर बसले. "थंडीत सर्दी झालती. तवापास्नं धड कळंना झालंय. येईल म्हटलं परत." मला रडू आलं, त्यांना नाही. त्यांनी वहीत स्वतःच्या हातानं 'नापास' लिहिलं, खाली सही केली आणि साहेबांकडे जाऊन, आपलं नाक गेलंय, उद्यापासून येत नाही, असं सांगून आले. साहेब दुसरं काम देत होते. ते नको म्हणाले.

पिशवी उचलून मामा दारापर्यंत गेले. मी डोळे पुसले आणि दुसऱ्या पोत्याकडे वळले.

"पोरी," मागून त्यांचा जुना, खणखणीत आवाज आला, "पयला गजरा भाईर."