ग्राउंड मोठं असणार

भांड्यांच्या जाळीत एक वाटी आपोआप घसरते. टिंग.

मी श्वास रोखून धरते. जुई उठत नाही. कांजण्यांचा आज नववा दिवस. दीड तास तिच्या पाठीवरून कडुलिंबाचा पाला फिरवला, तेव्हा कुठे खाज थांबली आणि माझ्या उजव्या दंडावर डोकं टाकून ती झोपली. दंडाला मुंग्या आल्यात, पण हात काढून घ्यायची सोय नाही. नऊ दिवस आम्ही दोघी या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कोंडून आहोत. नवऱ्याला लहानपणी कांजण्या आल्या नव्हत्या, म्हणून तो मित्राच्या खोलीवर राहतोय. सकाळी दूध-भाजीची पिशवी कडीला अडकवतो, दाराबाहेरूनच “जेवली का गं ती?” विचारतो आणि कंपनीत जातो.

दुपारचे अडीच. दुसरी वाटी घसरते, जरा लांबून ऐकू येते. तिसरा आवाज वाटीचा नसतो. कुणीतरी पेनानं काउंटरवर टकटक करतंय.

“म्याडम, ओळखपत्र ठेवा आन् मशीन घ्या.”

निळी पँट, आकाशी शर्ट, खांद्याला शिट्टीची दोरी. धैर्या.

धैर्यशील, माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी सकाळी सात वाजता ड्युटीवर जाताना वळणावरच्या खडीवर त्याची मोटारसायकल घसरली. छावणीच्या गावात एक युद्धसंग्रहालय आहे, तिथे तो सिक्युरिटीत होता. येणाऱ्यांना कानाला लावायची मशीन द्यायची आणि जाताना परत घ्यायची, हे त्याचं काम. फलकावरचा क्रमांक मशीनवर दाबला की त्या वस्तूची माहिती कानात ऐकू येते. ते सगळं त्याचं पाठ होतं. सुट्टीला आला की जेवताना त्याच भारदस्त आवाजात सुरू व्हायचा, “क्रमांक चार. ही आईच्या हातची भाकरी. हिने अनेक हल्ले परतवून लावले आहेत.” आई हसून हसून घास खाली ठेवायची. मला म्हणायचा, एकदा ये की आक्का, तिकीट माझ्याकडं लागलं. मी गेले नाही. आधी पोटात जुई होती, मग कडेवर जुई होती.

खरं म्हणजे त्या निळ्या पँटीत त्याला बघायचं माझ्या जिवावर यायचं. त्याला हिरवी वर्दी हवी होती, आणि ती माझ्यामुळे गेली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. धैर्याला तर नाहीच.

“काय गं, आणलंस का नाही ओळखपत्र?” तो म्हणतो.

मी पर्स उघडते. पर्समध्ये जुईचं लसीकरणाचं कार्ड तेवढं आहे.

“हे चालेल?”

“चालतंय की.” तो कार्ड नीट बघतो. “गोवरची झाली वाटतं. कांजण्याची राह्यली.”

“राहिली रे.”

“असू दे. होतंय असं.” तो माझ्या गळ्यात मशीन अडकवतो, कानांवर ते मऊ गोल बसवतो. “मार्ग एकेरी हाय बरं का. मागं फिरायचं न्हाय.”

काउंटर आमचा ओटाच आहे. त्याला वळसा घातला की पहिलं दालन. काचेच्या पेट्या, मंद दिवे, आणि डेटॉलचा वास. क्रमांक एक दाबते. कानात त्याचाच आवाज, तो भारदस्तवाला. “स्वागत आहे. आपल्यासमोर आहे डोंगराळ भागातल्या पलटणीचा हिवाळी पोशाख.” पेटीत जाड कोट आहे. कोटाच्या बाहीला जुईचा रुमाल सेफ्टी पिनेनं लावलाय.

क्रमांक दोन, वायरलेस संच. क्रमांक तीन, खंदक. खंदकात उतरायला पाच पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना वाळूची पोती, पोत्यांवर आमच्या रेशन दुकानाचा शिक्का. चालत राहते तशी पोती जवळ जवळ येतात. मी आडवी होऊन सरकते. खंदक संपतो तिथे परत पाच पायऱ्या, आणि वर पुन्हा तोच कोट, तोच रुमाल.

“धैर्या, मी फिरून तिथेच आले.”

“एकेरी मार्ग असतोय असाच,” तो म्हणतो. तो पुढे चाललाय, हातात शेंगांची पुडी. “रणगाडा बघ. लोक रणगाड्यासाठी येत्यात.”

रणगाड्याच्या वरचं झाकण उघडं आहे. मी आत उतरते. आत आमची मोरी आहे. गुलाबी बादली, नळाला बांधलेलं फडकं, दोरीवर वाळणारी जुईची सुती झबली. झाकण वरून बंद होतं. कानात आवाज सांगतो, “येथे चार जवान बसत. बाहेरचे त्यांना केवळ एका फटीतून दिसे.” मी फटीला डोळा लावते. पलीकडे आमच्या घराचं दार, आणि कडीला अडकवलेली दुधाची पिशवी.

मला कानांवरचं ते काढायचं आहे. निघत नाही. चाचपून बघते तर कानामागून गळ्याभोवती जुईचा हात आहे, घामेजलेला, कोमट. ओढला तर ती उठेल. उजवा हात तर हलतच नाही.

“धैर्या, बाहेर काढ मला. पोरगी उठेल.”

“मी काय मालक हाय व्हय? साधा सिक्युरिटी हाय मी.” त्याचा आवाज आता शेजारून येतो. मोरीच्या भिंतीत राखाडी लोखंडी दार आहे. शेजारी स्टूल टाकून तो शेंगा सोलत बसलाय. “ते शेवटचं दालन. नंबर दाब, उघडतंय.”

दाराशेजारचा फलक कोरा आहे.

“कुठला नंबर?”

“आता ते तुलाच ठावं.”

मला ठाऊक असतं. मी विचारही करत नाही, बोट आपोआप जातं. पाच, चार, एक.

“हा क्रमांक उपलब्ध नाही,” कानातला आवाज म्हणतो.

पुन्हा दाबते. पाच, चार, एक. हा क्रमांक उपलब्ध नाही. मोरीतली हवा कमी होतेय. दोरीवरची झबली माझ्या तोंडावर येतात. पुन्हा. हा क्रमांक उपलब्ध नाही.

लष्कराच्या भरतीला सोळाशे मीटर पळायचं असतं. पाच मिनिटं पंचेचाळीस सेकंदांच्या आत आलात तर पुढे, नाहीतर घरी. वयाच्या अटीत धैर्याचं ते शेवटचं वर्ष होतं. रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यावर तो पळायचा आणि मी माझ्या मोबाईलवर वेळ लावायचे. एकदा पळून आला, कडेला बसून ओकला, आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. मला जमत न्हाय आक्का, म्हणाला. पाच त्रेपन्न आले होते. मी म्हटलं, पाच एक्कावन्न. दोनच सेकंद. त्याचा चेहरा असा उजळला की पुढच्या आठवड्यात मी आणखी दोन कापले. मग आणखी. तो स्क्रीन बघायला वाकायच्या आत मी रीसेट दाबायचे. शेवटच्या पहाटे खरे पाच बावन्न होते आणि मी ओरडले होते, पाच एक्केचाळीस! असल्या आकड्यांच्या आनंदात त्यानं आधीच सकाळची ज्यादा चक्कर बंद केली होती. उगाच पाय दुखवून घेऊ नये म्हणून.

भरतीत तो पाच एक्कावन्नला आला. सहा सेकंदांनी गेला.

घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, “आक्का, तिथलं ग्राउंड मोठं असणार.”

आणि मी म्हटलं, “असेल.”

“काय झालं?” स्टुलावरून तो विचारतो. “दाब की.”

“धैर्या, मला एक सांगायचंय.”

“दार उघडल्यावर सांग. पोरगी उठंल म्हणतीयस ना?”

मी डावा हात उचलते. पाच. पाच. दोन.

कानात भारदस्त आवाज येत नाही. पावलं येतात. ओल्या मुरमावर पडणारी कॅनव्हासच्या बुटांची पावलं, धापा, कालव्याचं पाणी. मग माझा आवाज, आठ वर्षांपूर्वीचा, आनंदानं चिरकलेला. “पाच एक्केचाळीस! धैर्या, पाच एक्केचाळीस!” आणि त्याचं हसू, दम लागलेलं, मध्येच खोकणारं.

शेंग सोलणं थांबतं. त्याच्याही कानांवर मशीन आहे. मला दिसलंच नव्हतं.

“हा नंबर पाच बावन्न हाय,” तो सावकाश म्हणतो.

“हो.”

“मग तू एक्केचाळीस का वरडलीस?”

हे मशीनवर दाबून चालणार नाही. तोंडानंच सांगावं लागणार.

“खरे बावन्नच होते. मी अकरा सेकंद कमी सांगितले.”

“त्या दिवशी?”

“त्या दिवशी अकरा. त्याच्या आधी नऊ. त्याच्या आधी सात.”

“कवापासनं?”

“दिवाळीपासून.”

तो मान खाली घालून टरफलं गोळा करतो. मग म्हणतो, “आगं, त्रेचाळीस झालं तवा अख्ख्या गल्लीतल्या पोरांना भेळ घातली मी!”

“माहीत आहे.”

“तूबी खाल्लीस!”

“खाल्ली.” मी म्हणते. “तू रडला होतास रे. मला बघवलं नाही.”

“रडलो म्हंजे काय मेलो होतो का?”

तो बोलून जातो आणि मग माझ्याकडे बघतो. त्याच्या ओठाचा कोपरा हलतो. आधी त्यालाच हसू फुटतं. मी हसत नाही. मला हसायचं असतं, पण झबली तोंडावर आहेत, आणि ती ओली आहेत.

“म्हंजे ग्राउंड मोठं नव्हतं,” तो म्हणतो.

“नव्हतं.”

“मी सगळ्यांना तेच सांगत फिरलो गं. इथं रिटायर सुभेदार येत्यात, त्यांनाबी सांगायचो. साहेब, आमच्या टायमाला ग्राउंड मोठं आखलं होतं. ते म्हणायचे, असं नसतंय बाळा. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना काय कळतंय.”

मी वाट बघते. तो म्हणेल, जाऊ दे आक्का. नाहीतर म्हणेल, जा, परत तोंड दाखवू नको. यातलं काहीही मी घ्यायला तयार आहे. तो दोन्ही म्हणत नाही. शिट्टीची दोरी खांद्यावरून काढतो. पट्टा काढून स्टुलावर ठेवतो. निळ्या पँटीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडतो.

“लाव,” तो म्हणतो.

“काय?”

“टाइम. आन् आता जे आसंल ते सांगायचं. पाच पंचावन्न आलं तर पाच पंचावन्न. सांगशील?”

“सांगेन.”

“मनाचं काय बी जोडायचं न्हाय.”

“नाही.”

दार उघडंच आहे. बाहेर कालव्याचा रस्ता, दुपारच्या उन्हात पांढरा. मी अनवाणी आहे. गळ्यातल्या मशीनवर शून्य आलंय. तो पुढे वाकतो, मागे वळून बघत नाही. मी बटण दाबते.

तो पळतो. आधी मोठा दिसतो, मग शर्टाचा आकाशी ठिपका, मग पुलाच्या पलीकडे नाहीसा. कानात पावलं चालूच असतात. दोन मिनिटं. तीन. मी उजव्या हातानं डोळ्यांवर सावली धरू बघते, हात उचलत नाही. चार मिनिटं. त्यानं पुलाच्या टोकाला वळायला हवं. पाच मिनिटं. पावलं जवळ येतायत, धापा जवळ येतायत, रस्ता मात्र मोकळा आहे. पाच वीस. तो वळणामागे असेल. इथून मला दिसणारच नाही, आणि दिसलं नाही तर मी सांगणार काय?

मी पळते. त्याच्या दिशेनं, गळ्यातलं मशीन छातीवर आपटतंय. पाच एकतीस. पुलाचा कठडा. पाच अडतीस. त्याचा श्वास माझ्या कानात आहे, माझ्याच श्वासात मिसळलाय, कुठला कुणाचा ते कळत नाही. ये ना, धैर्या. पाच त्रेचाळीस. वळणावर शर्टाची बाही दिसल्यासारखी होते. पाच चव्वेचाळीस.

“आई, तू घोरत नाहीयेस, तू पळतीयेस.”

जुई माझ्या छातीवर कोपरं टेकवून बसलीय. पंखा फिरतोय. माझा गाऊन घामानं चिकटलाय, आणि छाती खरोखरच धपापतेय. तिच्या कपाळावरचे फोड सुकायला लागलेत. मी उजवा हात तिच्याखालून सोडवते, झटकते, उठून बसते. पाय खाली टेकवते आणि कळ मस्तकात जाते.

डाव्या टाचेत काहीतरी रुतलंय. मी पाय मांडीवर घेऊन बघते. मातकट, वाळलेला, दोन बाजूंना काटे असलेला सराटा. नखानं धरून ओढते. टाचेवर रक्ताचा एक थेंब येतो.

“काय आहे ते?” जुई नाक लावून बघते.

“सराटा.”

“कुठे मिळतो?”

“गावाला. रस्त्याच्या कडेला असतो.”

“तू गावाला गेली होतीस?” तिचे डोळे मोठे होतात. “मला न घेता?”

“तू झोपली होतीस ना. पटकन जाऊन आले.”

“कुणाकडे?”

“धैर्यामामाकडे.”

“फोटोतल्या?”

“हं.”

ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत नाही, सराट्याकडेच बघते. बोट लावते, मागे घेते. “मग तिथे काय केलं?”

“मामा पळत होता. मी वेळ लावली होती.”

“शर्यत?”

“हो. शर्यत.”

“मग मामाचा कितवा नंबर आला?”

‘पहिला’ हा शब्द माझ्या जिभेवर तयार असतो. तो म्हटला की ती टाळ्या वाजवेल, नऊ दिवसांनी खदखदून हसेल. मी तोंड उघडते आणि तसंच मिटून घेते.

जुई दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवते.

“सांग ना, आई. कितवा आला?”