सीटखालचा स्टिरिओ

माझ्या मामाला गॅरेजच्या गल्लीत सगळे ‘फ्यूज’ म्हणत. गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस, आणि डोकं उडायला निमित्तही लागायचं नाही, त्यामुळे ते नाव त्याला असं चिकटलं की गिऱ्हाइकंसुद्धा “फ्यूजभाऊंचं दुकान कुठंय?” असंच विचारत यायची. दुकान म्हणजे एक शटर, एक लाकडी बाक, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरची भेंडोळी. शेजारच्या शटरमध्ये त्याचा साडू, म्हणजे मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, गाड्यांच्या सीटा शिवायचा. ते दुकान मामानेच त्याला लावून दिलं होतं.

मामाची स्वतःची गाडी शंभर ठिकाणी ठोकून सरळ केलेली होती, पण तिच्यातला स्टिरिओ मात्र निवडून घेतलेला. घरात माणसं इतकी की गाणं लावायचं तर आधी चौघांची मर्जी सांभाळावी लागे. म्हणून रविवारी दुपारी मामा-मामी अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसत, काचा वर करत आणि तासभर ऐकत. आम्ही पोरं हसायचो. मामी म्हणायची, “हसा. आमचं माहेर आणि सासर दोन्ही ह्याच गाडीत आहे.”

एकदा मामीचा गुडघा दाखवायला दोघं दवाखान्यात गेले. भर दुपार, रहदारीचा रस्ता. तासाभराने परत येऊन बघतात तर बाजूच्या काचेचा चुरा सीटवर, आणि स्टिरिओच्या जागी भगदाड. वायरी सोडवलेल्यासुद्धा नाहीत, सरळ कापलेल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर मामाने शिव्या घालून विषय संपवला असता. पण त्या माणसाने मामीच्या पिशवीतली केळी बसून निवांत खाल्ली होती, साली त्या भगदाडात कोंबल्या होत्या, आणि मागच्या सीटवरच्या तिच्या शालीला हात पुसले होते. नुसते हातच पुसले होते की नाकही, ते शाल उलगडल्यावर कळलं. मामीने ती शाल चिमटीत धरून तिथल्या तिथे कचऱ्याच्या डब्यात टाकली. मामाने ती सीट तीनदा फिनाइलने धुतली, तरी पुढे महिनाभर तो वर्तमानपत्र पसरूनच तिच्यावर बसायचा.

आठवड्याने मामा जुन्या सामानाच्या बाजारात हॉर्नच्या वायरिंगला लागणारा रिले शोधत होता. एका फळकुटावर दहा-बारा स्टिरिओ मांडलेले, त्यात त्याचा. आवाजाचं बटण तुटलं म्हणून त्याने दुसऱ्याच कंपनीचं बसवलं होतं, ते तसंच होतं.

“हा माझा आहे,” मामा म्हणाला.

विक्रेता कान कोरत होता. “इथं येणारा प्रत्येक जण असंच म्हणतो, काका. घ्यायचा तर घ्या, नाहीतर पुढच्याला बघू द्या.”

मामाने तो घेतला. घरी येऊन टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याला हात लावला नाही. मला म्हणाला, “आपलंच ताट कुणीतरी चाटून परत द्यावं, आणि आपण ते पैसे मोजून घरी आणावं, तसं झालंय बघ.”

त्यानंतर त्याने डोकं चालवलं. डॅशबोर्डातलं भगदाड त्याने बुजवलंच नाही. उलट दोन-तीन कापलेल्या वायरी मुद्दाम बाहेर लोंबत ठेवल्या. कोणी डोकावलंच तर त्याला वाटावं, इथं आपल्या आधी कुणीतरी येऊन गेलंय. खरा स्टिरिओ पत्र्याच्या डब्यात घालून त्याने मागच्या सीटखाली गाडीच्या तळाला बोल्टांनी आवळला. डब्याला हवेसाठी भोकं पाडली. आता तिथून तो चालवायचा कसा? पुढे बसलेल्या माणसाचा हात काही सीटखाली पोचत नाही. मग मामाने रिमोटचा डोळा स्टिरिओतून सोडवून लांब वायरीने पुढे आणला आणि डॅशबोर्डावर एका बटणाची जागा रिकामी होती, तिथल्या काळ्या टोपणामागे लपवला. पेनड्राइव्हची वायर डॅशबोर्डाच्या झाकणाच्या कप्प्यात काढली. पहिल्या दिवशी इंजिन जोरात गेलं की स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज यायला लागला. दोन दिवस मामा जेवताना नुसता त्या कुईंबद्दलच बोलत होता. शेवटी जाळीची वायर टाकली, अर्थिंग एकाच जागी घेतलं आणि आवाज गेला. रिमोट किल्लीच्या जुडग्यात. तो त्या टोपणाकडे रोखून बटण दाबलं की मागून गाणं सुरू व्हायचं. मामी तर पहिल्यांदा दचकून मागेच वळली.

ही गोष्ट लपून राहणार थोडीच. गिऱ्हाइकं रांग लावायला लागली. कुणाचा डिकीत सुट्या चाकामागे, कुणाचा सीटखाली. सीटखाली बसवायचा तर आतला फोम कापून कव्हर पुन्हा शिवावं लागे, ते साडू शिवायचा. कुठल्या गाडीत कुठे बसवलाय, ते मामा एका वहीत लिहून ठेवायचा, म्हणजे दुरुस्तीला गाडी आली की शोधाशोध नको. वर्षभर छान चाललं.

मग एक शाळेतल्या बाई आल्या. गाडीचा दरवाजा पद्धतशीर उघडलेला, सीटचं कव्हर शिवणीवर उसवलेलं आणि डबा बोल्टांसकट गायब. पुढच्या भगदाडाला हातही लावलेला नाही. पंधरा दिवसांत तशा पाच गाड्या झाल्या. बाईंनी मामाकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मामाने घरी येऊन आम्हाला करून दाखवली. “मी चोर आहे असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं,” तो म्हणाला.

हवालदाराने चौकीत बोलावलं. मामाची वही बोटाला थुंकी लावून लावून उलटली. “जागा तुम्हालाच माहीत, आणि चोर जातोय सरळ जागेवर. आता आम्ही काय समजायचं, फ्यूजभाऊ?” आणि त्याच हाताने मामाच्या पाठीवर थाप मारली. मामाने घरी येऊन सदरा धुवायला टाकला.

दोन-तीन दिवस मामा वही घेऊन बसला. चोरी झालेल्या गाड्यांपुढे खुणा केल्या. पाचही सीटखालच्या. डिकीतली एकही नाही. डिकीवाल्या गाड्या संख्येने जास्त, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्याही जास्त, तरी एकीलाही धक्का नाही. मी शेजारीच बसले होते. मामाने पेन खाली ठेवलं, आणि त्याचा चेहरा दुधात माशी दिसल्यासारखा झाला.

“चल माझ्याबरोबर,” तो म्हणाला. “मी एकटा गेलो तर हात उचलेन.”

साडूच्या घरी सगळे जेवायला बसले होते. साडूने हसून पाट सरकवला. “या दादा, वेळेवर आलात.”

मामा उभाच राहिला. वही उघडून त्याच्यापुढे धरली. “ह्या पाच गाड्यांच्या सीटा कोणी शिवल्या?”

साडूने घास गिळला. बघून न बघितल्यासारखं केलं. मग म्हणाला, “दादा, आवाज चढवू नका. मी कशाला हात लावलेला नाही. मी फक्त जागा सांगितली.”

“फक्त.”

“पार्किंगमध्ये पावत्या फाडतो ना, तो विचारायचा. मी सांगायचो. पुढं तो काय करतो, ते मला कशाला माहीत?” त्याने पुन्हा घास उचलला. खरोखर उचलला, मी बघितलं. “आणि तुमचं तरी काय बिघडलं? चोरी झाली की माणूस नवीन बसवायला तुमच्याकडेच येतो. दोघांचंही दुकान चाललंय. उगाच सोवळेपणा कशाला?”

मला वाटलं मामा ते ताट भिरकावणार. पण तो दारापाशी गेला आणि म्हणाला, “हात धू आणि चपला घाल.”

मामीची बहीण रडत रस्त्यापर्यंत आली. “दादा, घरातलं घरात मिटवा हो, पोरांकडं बघा.” मामा थांबला नाही. चौकीत तोच हवालदार. सगळं ऐकून तोही म्हणाला, “नात्यातलं आहे, मिटवून टाका ना. कशाला लिहायला लावता?” परवा ज्याने मामाला चोर ठरवायला वेळ लावला नव्हता, त्याला आता लिहायचा कंटाळा आला होता. मामा बाकावर बसला, दुपार टळेपर्यंत हलला नाही. शेवटी वैतागून त्यांनी लिहून घेतलं. साडू आणि पावतीवाला दोघंही आत गेले.

पुढचा महिनाभर मामा वही काखोटीला मारून सीटखालच्या प्रत्येक गाडीवाल्याच्या दारात गेला. “चोर माझ्या घरातलाच निघाला. जागा फुटली आहे, गाडी घेऊन या, फुकट हलवून देतो.” कुणी पाणी विचारलं, कुणी दार लावून घेतलं. एकाने तर तोंडावर म्हटलं, “एका माळेचे मणी.” शाळेतल्या बाई मात्र गाडी घेऊन आल्या, दिवसभर दुकानातच बसून वह्या तपासत होत्या, आणि काम झाल्यावर त्यांनी स्वतः रिमोट दाबून बघितला.

घरात मामाच्या आईने अबोला धरला. नात्यातल्या माणसाला चौकीत नेणारा मुलगा तिला नको होता. मामी मात्र दोन वाक्यांत मोकळी झाली. “बहीण गेली, ते मला सोसेल. पण तुम्ही त्याला पाठीशी घातलं असतं, तर तुम्हाला वाढताना मला शिसारी आली असती.”

ती सगळी कामं उरकल्यावर मामाने स्टिरिओ बसवणं बंद केलं. कुणी नवा खोका घेऊन आलं की म्हणतो, “हॉर्न सांगा, दिवे सांगा. हे नाही.” मी कारण विचारलं तेव्हा तो वायरीचं टोक सोलत होता. “तो हरामखोर एक गोष्ट खरी बोलला होता,” तो म्हणाला. “चोरीमुळे माझं दुकान चालत होतं. तेव्हापासून गिऱ्हाइकाने पैसे पुढं केले की मला कसंतरीच होतं.”

साडू सुटून आला आणि दुसऱ्या बाजारात सीटा शिवायला लागला. बहिणी वर्षाने फोनवर बोलू लागल्या, पोरांच्या परीक्षा आणि गुडघा एवढ्यापुरतंच. तो फोन आला की मामा उठून ओट्यावर जाऊन बसतो. बोलणं संपलं की मामी हाक मारते. तो आत येतो, आणि काय बोलणं झालं, ते विचारत नाही.