लवकर निवडलेला हात

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना माझ्या सासऱ्यांनी ती डावरी असल्याचं जाहीर करून टाकलं. लातूरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, ती सतरंजीवर उशीला टेकून बसली होती. सासऱ्यांनी (त्यांना मी मामा म्हणते) तिच्यापुढं बिस्कीट धरलं. तिनं डावा हात पुढं केला. त्यांनी बिस्कीट तिच्या उजव्या अंगाला नेलं, तर तिनं डावाच हात छातीवरून पलीकडं नेऊन ते पकडलं. मामा इतके खूश झाले की सासूबाईंना हाका मारत थेट स्वयंपाकघरात गेले.

"ऐकलं का? पोरगी माझ्यावर गेली! डावरी हाय, डावरी!"

मामा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. पाना, हातोडी, दाढीचा ब्रश, सगळं डाव्या हातात. सही तेवढी उजव्या हाताची, कारण शाळेत मास्तरांनी त्यांचा डावा हात सुतळीनं बाकाला बांधून त्यांना उजव्यानं लिहायला लावलं होतं. हे सांगताना ते कधी चिडत नसत. नुसते मनगट चोळत. त्यांच्या मुलांपैकी एकही डावरं निघालं नव्हतं. आता नात निघाली. त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर चपला घालणाऱ्या एकेकाला थांबवून त्यांनी ही बातमी सांगितली.

मला मात्र ते पचेना. मी लातूरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. सहा वर्षांची पोरंसुद्धा अर्धी ओळ एका हातानं आणि उरलेली दुसऱ्या हातानं लिहिताना मी पाहिली आहेत. रांगतं मूल तर जो हात जवळ असेल तो घालतं, नाहीतर दोन्ही घालतं. मग हिनंच एवढ्या लवकर, एवढं ठाम कसं ठरवलं?

मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. चेंडू बरोबर मधोमध ठेवायचा आणि बघायचं. डावा. वाटी उजव्या मांडीजवळ सरकवायची. तरी डावा. उजवी मूठ बहुतेक वेळा मिटलेली असे आणि अंगठा आत दडलेला. एकदा मी तिचा डावा हात अलगद माझ्या हातात धरून ठेवला आणि समोर मुरमुऱ्यांची ताटली ठेवली. मला वाटलं, आता तरी उजवा येईल. ती रडली नाही. खाली वाकली आणि तोंडानंच मुरमुरे उचलायला लागली. उजवा हात बाजूला तसाच पडून होता.

संध्याकाळी हे नवऱ्याला सांगितलं. तो एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवतो. दिवसभर बोलून त्याचा घसा बसलेला असतो.

"बाबा डावरे आहेत, ही डावरी आहे. यात शंका घेण्यासारखं काय आहे?"

"डावरी असणं वेगळं आणि उजवा न वापरणं वेगळं."

"तू शाळेत मास्तरीण आहेस, घरात पोलीस होऊ नकोस बाई."

मी पोलीस झालेच होते. नांदेडहून माझी आई फोनवर म्हणाली, "त्या मालीशवालीनं हात ओढला असंल. तुमच्या तिकडच्या बायका लई जोरात रगडतात." सासूबाईंनी ते ऐकलं असावं, कारण जेवताना त्या मोघमच बोलल्या, "बाळंतपण तर नांदेडला झालं. तिथं काय झालं, आपल्याला काय माहीत." मला दोघींचंही खरं वाटायला लागलं. मालीशवाली आली की मी पाणी तापवायच्या निमित्तानं दारातच उभी राहायची. तिचे हात बघायची. तिला ते कळलं असणार, कारण काही दिवसांनी ती म्हणाली, "ताई, तुमचा भरोसा नसंल तर राहू द्या." आणि ती यायची बंद झाली. तिच्या हातून काहीच वाईट झालेलं नव्हतं.

लातूरच्या ज्या डॉक्टरांकडं आम्ही लस द्यायला जायचो, त्यांनी मुलीला खुळखुळा दाखवला, तिनं डाव्या हातानं घेतला, आणि ते हसले. "डावखुरी आहे. घरात कुणी आहे का?" मामा सोबत होते. त्यांनी डावा हात वर केला. दोघं मिळून हसले. मी मुठीबद्दल विचारलं, तर "उघडेल हळूहळू" म्हणाले. बाहेर गर्दी होती. मला ते हसणं आवडलं नाही.

दिवाळीच्या सुटीत मी मुलीला घेऊन नांदेडला गेले. आईला बरोबर घेतलं आणि लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. नवऱ्याला फोनवर एवढंच सांगितलं की दाखवून आणते. बाईंनी मुलीला जमिनीवर सोडलं आणि बराच वेळ तिच्याकडं बघत बसल्या. मग तिला काखेत धरून पुढं झुकवलं, जणू ती पडतेच आहे. डावा हात झटकन पसरला. उजवा पसरलाच नाही.

"तुम्हाला कधीपासून शंका आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळे आनंदात होते तेव्हापासून," मी म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं की एवढ्या लहान वयात मूल हात निवडत नाही. निवडलाय असं वाटलं, तर निवडलेल्या हाताकडं नाही, दुसऱ्या हाताकडं बघायचं असतं. मग मेंदूचा एमआरआय झाला. डाव्या बाजूला एक छोटा डाग होता. पोटात असतानाच किंवा जन्माच्या सुमाराला तिथला रक्तपुरवठा थोडा वेळ अडला होता. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणून उजवा हात कमजोर, उजवा पायही थोडा.

"कुणामुळं?" आईनं विचारलं.

"कुणामुळंच नाही, आजी."

आईनं तोंडाला पदर लावला. मी रडले नाही. खोटं वाटेल, पण मला आधी हायसं वाटलं. मी वेडी नव्हते. रडू नंतर आलं, परतीच्या बसमध्ये, अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, तसा तो पलंगाच्या काठावर टेकला. मग म्हणाला, "बाबांना मेंदूचं काही सांगू नको. खचतील ते. हाताला व्यायाम लागतो, एवढंच सांगू." सासूबाईंना खरं सांगितलं, मामांना अर्धं. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

व्यायाम सुरू झाले. फिजिओथेरपीच्या बाईंनी मूठ कशी उघडायची, मनगट कसं मागं न्यायचं ते शिकवलं. मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा त्यांनी पांढऱ्या सुती कापडाची एक पिशवी दिली, हातमोज्यासारखी, पण बोटं नसलेली. ती खेळताना डाव्या हाताला घालायची. चांगला हात अडकला की कमजोर हाताला काम करावंच लागतं. दिवसा मी शाळेत असायची, तेव्हा सासूबाई ती घालायच्या.

मामांनी पहिल्यांदा ती पिशवी पाहिली तेव्हा मुलगी उजव्या हातानं ठोकळा उचलायची धडपड करत होती. ठोकळा निसटत होता, ती कुरकुरत होती.

"हे काय करायलीस?" त्यांनी मला विचारलं.

"व्यायाम आहे, मामा. उजव्या हातासाठी."

"आन् डावा बांधायचा?"

"थोडा वेळ फक्त."

ते मनगट चोळत बाहेर गेले.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. मी मुलीला घेऊन बसले की मामा पेपर घेऊन समोर येऊन बसत, आणि पान उलटत नसत. मी तिच्या डाव्या हातातला चमचा उजव्यात दिला की त्यांचं डोकं वर व्हायचं. एकदा ते सासूबाईंना दबक्या आवाजात विचारताना मी ऐकलं, "हिच्या शाळेत बी असंच बांधतात का पोरांचे हात?" सासूबाई काय बोलणार? त्यांना गप्प राहायला आम्हीच सांगितलं होतं.

मलाही त्यांचा संशय यायला लागला. नांदेडच्या बाईंनी तपासून सांगितलं, "हवी तशी सुधारणा नाही. पिशवी घालताय ना रोज?" मी हो म्हणाले. पण घरी येऊन ती पिशवी हातात घेतली तर पांढरीशुभ्र. दिवसभर फरशीवर खेळणाऱ्या पोरीच्या हाताला घातलेलं कापड मळत कसं नाही? सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी घालते की. मग ते तिला गच्चीवर नेतात."

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. त्या शनिवारी एक सर गावातून मोटारसायकलवर निघाले होते, त्यांच्यामागं बसून मी लवकर आले. चपला खालीच काढल्या आणि गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मामा मांडी घालून बसले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पिशवीचं टोक बाहेर आलेलं. मुलगी मोकळ्या डाव्या हातानं एकेक नट उचलून पत्र्याच्या डब्यात टाकत होती आणि प्रत्येक आवाजाला हसत होती.

"मामा, पिशवी द्या."

ते दचकले, पण हलले नाहीत. "न्हाई देणार."

"ती तिच्या भल्याची आहे."

"माझ्या भल्याचंच होतं ते बी! मास्तर बी हेच म्हणायचा!" त्यांचा आवाज चढला. "मी काय बोललो न्हाई इतके दिस. शिकलेली सून, मास्तरीण. पण तुला डावं पोरगं चालत न्हाई, हे कळलं मला. ती डावरी हाय तर हाय. कामून मोडायलीस तिला?"

मुलगी रडायला लागली. मी तिला उचललं आणि तिथंच, उन्हात उभी राहून, सगळं सांगून टाकलं. डाग, रक्तपुरवठा, पडताना न पसरणारा हात, नांदेडच्या बाई, आणि त्यांच्यापासून लपवायचं ठरवणारे आम्ही दोघं. बोलता बोलता माझाही आवाज चढला होता. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई आत निघून गेली.

मामांनी डब्यातला एक नट उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे ही माझ्यावर गेलीच न्हाई?"

मी म्हणाले, "ते कोण सांगणार, मामा."

त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. सोमवारी कुणाला न सांगता ते एसटीनं नांदेडला गेले आणि स्वतः डॉक्टरीणबाईंना भेटले. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, जेवले. मग नवऱ्याकडं बघून म्हणाले, "बापापासून लपवतोस व्हय रे?" मला ते एवढंच म्हणाले, "बाई चांगली हाय. पण फोटोतल्या डागावर माझा भरोसा न्हाई. मी विचारलं, हा डाग नसता तर पोरीनं कोणता हात धरला असता? म्हणल्या, कोणीच सांगू शकत न्हाई. मग झालं की. डावरीच असंल."

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी धुळीनं माखलेली होती.

पुढचे व्यायाम बरेचसे मामांनीच घेतले. एका हातानं होणारच नाहीत अशी कामं ते तिला द्यायचे. मोठा बोल्ट उजव्यात धरायचा आणि डाव्यानं नट फिरवायचा. उजवा सुटला की बोल्ट खाली. आधी तो फरशीवर पडून आम्हा सगळ्यांचं डोकं उठायचं, मग पडणं कमी होत गेलं. मूठ उघडली. अंगठा बाहेर आला. बोटांत जोर मात्र पूर्ण आला नाही, आणि बटण लावायला तिला अजून वेळ लागतो.

यंदा ती पहिलीत गेली. माझ्या शाळेत नाही, लातूरमध्येच घराजवळ. मी तिच्या बाईंना सगळं आधी सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्या आठवड्यात खिडकीशी जाऊन उभी राहिले. सांगितलेलं लोक विसरतात. बाई तिच्या बाकापाशी आल्या, पेन्सिल डाव्या हातात बघून थांबल्या. मी खिडकीचा गज धरला.

"तू डाव्या हातानं लिहितेस का गं?" त्यांनी विचारलं.

"हा लिहितो," ती म्हणाली. मग वहीवर पालथा ठेवलेला उजवा हात तिनं जरासा उचलून दाखवला. "हा धरतो. त्याला बी काम हाय."

बाई पुढच्या बाकाकडं गेल्या. मी मात्र तास संपेपर्यंत खिडकीपासून हलले नाही.