घेतली की उचलली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सरांनी वीणा जमिनीवर ठेवली नव्हती. ती त्यांनी माझ्या गळ्यात घातली होती.

ज्यांना यात काही विशेष वाटणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा समोर येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. टेकली तर सप्ताह मोडला. आणि ती गळ्यात असेपर्यंत विणेकऱ्यानं उभं राहायचं, भजनाशिवाय तोंड उघडायचं नाही.

सर मला शाळेत इतिहासाला होते. शुद्धिपत्र मागत फिरलेली पोरकी भावंडं, धर्मपीठानं गुडघे टेकायला लावलेला म्हातारा शास्त्रज्ञ, असं काही आलं की ते पुस्तक मिटायचे. म्हणायचे, "न्याय करनारा दिसते, सोसनारा दिसते. साक्ष कोनं देल्ली, थे पाहा बाप्पा." आम्ही पाहत नसू. परीक्षेत ते येत नसे.

मी मास्तरकीला लागलो त्या वर्षी, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनात, भर सकाळी, वीणा सरांच्या गळ्यात होती. मी टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटी, कनातीला लागून. बाहेरून आलेले महाराज रंगात येऊन म्हणाले, ज्या कापडाला त्या लोकांचे हात लागलेत त्याखाली देव उतरेल कसा? पुढच्या वर्षी मंडप आपल्या माणसाचा पाहिजे. आमचा मंडपवाला मुसलमान, धामणगाव बढ्याचा. तो तेव्हा तिथंच खांबाशी दोर ताणत होता. त्याचा हात थांबलेला मी पाहिला.

सर बोलले, "महाराज, वीस वर्षं झाले, मंडप याचाच हाय. देव दरसाल येऊन राह्यला."

दोनचार जण हसले. मग ओरडा झाला.

"विणेकऱ्यानं बोलू नये!"

"सर, इथं शाळा नाही भरली!"

लोक उठले. त्या गडबडीत सर मागे सरकत माझ्यापर्यंत आले, वीणा माझ्या गळ्यात घातली, रीतीप्रमाणे माझ्या पायांशी वाकले. मीही वाकलो. सगळे महाराजांकडे धावले होते, आमच्याकडे कुणी पाहत नव्हतं. ते कनात सारून निघून गेले. माझ्या गळ्यात ती कीर्तन संपेपर्यंत राहिली. कुठं ठेवणार? टेकवता येत नव्हती, बोलता येत नव्हतं, जाता येत नव्हतं. बोलावं लागत नाही याचं मनातून बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

महाप्रसादानंतर भाऊंनी बोलावलं. सप्ताह समितीचे अध्यक्ष तेच, आणि मी ज्या शाळेत तात्पुरता मास्तर होतो तिचेही तेच. पंगतीतून दहाबारा माणसं भोवती जमली होती.

"सांग बे, तुनं वीणा घेतली का उचलली?"

घेतली म्हणजे हातातून. उचलली म्हणजे भुईवरून. त्यांना कोणता शब्द हवा होता ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

"उचलली, भाऊ."

"झालं तं मंग," ते म्हणाले, आणि पान मागवलं.

सरांना वीणा कायमची बंद झाली. मंडपवालाही बदलला. पुढच्या जूनला मी कायम झालो.

नंतर एकदा मोताळ्याच्या एसटी स्टँडवर सर भेटले. शेजारी बसले.

"तुले इचारलं होतं म्हने."

"हाव, सर."

ते थांबले. पुढचं मी बोलावं म्हणून थांबले, हे मला तेव्हाच समजलं होतं. समोर गाडी लागली. मग तेच म्हणाले, "जाय, तुही गाडी आली."

ती माझी नव्हती. मला बुलढाण्याला जायचं होतं. पाटी न बघता मी तिच्यातच चढलो आणि रोहिणखेडला उतरून परत आलो.

तेव्हापासून काल्याच्या दिवशी वीणा माझ्याच गळ्यात असते. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण एकच आहे. तिचा पट्टा खांद्यावर जिथं बसतो तिथं आता घट्टा पडलाय. लोक पाया पडतात.

सर ऐंशीला आलेत. कमी ऐकू येतं, पण येतं. मी त्यांचा एक शब्द देणं लागतो. त्यांच्या घरी जाऊन नाही, मंडपात, सगळ्यांदेखत. घेतली. तो अजून दिलेला नाही.