गाठीतली भेसळ

सन २०२२. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माझं अर्ध्याहून जास्त पोट डॉक्टरांनी कापून काढलं होतं. पोटाचा कॅन्सर. पोटासोबत आजूबाजूच्या बारीक गाठीही काढल्या होत्या. रोग पोटातून निघाला की आधी त्या गाठींत जाऊन बसतो म्हणतात. पहिला तपास साफ आला. मी आमच्या वाटूर गावच्या चौकात पेढे वाटले.

मंग संभाजीनगरच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. डॉक्टर म्हणले, "बाबा, त्याच गाठी आम्ही वेगळा रंग देऊन पुन्हा पाहिल्या. एका गाठीत कॅन्सरच्या थोड्या पेशी सापडल्या. सलाईनमधून औषध घ्यावं असं माझं मत आहे."

"पहिल्यांदा साफ, आता घाण? तुमच्याकडं पडून नासल्या का गाठी?"

"अहो, नीट बोला," सोबत आलेली घरची म्हणली.

मी कशाचं नीट बोलतो! माझी हयात कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटात गेली. शाळा दुसरीपर्यंत, पण एवढ्या मोठ्या प्लॉटात भेसळीचं, म्हणजे दुसऱ्या जातीचं, एक झाड असलं तर बांधावरून बोट दाखवणार. कंपनीचे साहेब मला विचारल्याबिगर प्लॉट पास करत नव्हते. म्हणलो, "मला दाखवा. दिसलं तर मानीन, न्हाईतर दुपारच्या गाडीनं घरी."

घरची म्हणली, "दाखवूनच टाका, डॉक्टरसाहेब. लग्नाआधी मलाबी दोनदा पाहून गेल्ते हे."

डॉक्टर हसले आणि आम्हाला खाली लॅबमध्ये घेऊन गेले. तिथं तपासणीच्या डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी माझ्या हातावर मेणाची वडी ठेवली. आत ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. माझी. तिचे त्यांनी एवढे पातळ काप काढले होते की काचेवरचा काप धरला तर पलीकडचं बोट दिसत होतं.

दुर्बिणीला मी एक डोळा मिटून दुसरा लावला.

"बाबा, दोन्ही उघडा. नेम धरायचा नाही."

आधी पहिल्या तपासाचा काप. जांभळे दाणेच दाणे, एकाला एक लागून. मान दुखेपर्यंत पाहिलं. शेवटी ऐटीत म्हणलो, "साफ आहे."

"आम्हीही तेच म्हणलो होतो," बाई म्हणल्या, आणि दुसरी काच लावली. "हा त्याच गाठीचा पुढचा काप. ह्या रंगानं गाठीच्या स्वतःच्या पेशी निळ्या राहतात. पोटातून आलेल्या तेवढ्या तपकिरी होतात."

सगळं निळं होतं. आणि एका कडेला, अगदी कडेला, तपकिरी ठिपके. थोडेच. चोरून बसल्यासारखे. हे माझ्या आत बसून होते आणि मी वर पेढे वाटून राह्यलो होतो! आणि एवढ्या बारक्याला कुणीतरी मेणात बसवतं, कापतं, रंगवतं, हुडकून काढतं. माझी नजर मी कुठं सांगत फिरत होतो!

तरी खुमखुमी जाईना. "पण ही गाठ तर तुम्ही काढली. ठिपकेबी बाहेर आले. मंग औषध कशाला?"

"ह्यांच्याबरोबरचे काही पुढं गेले असतील, बाबा. नसतीलही. ते आम्हालाही दिसत नाही. खात्री कुणी देणार नाही."

भेसळीचं झाड फुलल्यावर सापडलं तर ते उपटून भागत न्हाई, हे मला कुणी सांगायला नको होतं. मधमाशा त्याचे पराग घेऊन आधीच फिरून गेलेल्या असतात. मी शेजारची चांगली दिसणारी झाडंसुद्धा उपटायला लावायचो. शेतकरी शिव्या द्यायचे, तरी लावायचो.

"काय हो, गाडी जाईल ना," घरची म्हणली.

"जाऊ दे. अजून पाहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या वॉर्डाचं दार उघडायच्या आधी जाऊन बसलो. सिस्टर म्हणली, "बाबा, आधी रक्त तपासायचंय, सलाईन नंतर." म्हणलो, "घ्या मंग," आणि सदऱ्याची बाही वर केली.